दोन नंबरची बरणी

२७ सप्टेंबर १९५४, सोमवार

मेली. आजपण मेली. माझी ही चौथी.

प्रयोगशाळेत एक नंबरची बरणी ब्रॉकहोफ मिस्त्री लावतात, ती जगते. दोन नंबरची मी धुते, मी लावते, ती मरते. दोन्हींत तेच पेट्रोलसारखं तेल, गॅसचं प्लास्टिक करणारं तेच विरजण, एकाच नळीतून येणारा गॅस. मिस्त्रींची तासाभरात आपोआप तापते, काळपट-तपकिरी होते आणि मग आत पांढरी लापशी दाटत जाते, ढवळायचा दांडा अडकेपर्यंत. माझी थंडगार. तपकिरी रंग उडून जातो, गॅस बुडबुडत येतो आणि तसाच निघून जातो. खाली उरतं गढूळ तेल.

प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर फोलराथ, त्यांनी मोठ्या वहीत सगळ्यांसमोर लिहिलं — "क्र. २, मेली. कारण: घाण. (शि.)" शि. म्हणजे शिमान्याक. म्हणजे मी.

मी काही बोलले नाही. मी कधीच बोलत नाही. तोंड उघडायला गेलं की मानेपर्यंत लाल होते आणि शब्द आतच बसतात. म्हणून ही वही. हिच्यासमोर लाल व्हावं लागत नाही.

मी घाणेरडी नाही. हे एकदा लिहून ठेवते.

२८ सप्टेंबर

डबा उघडला तर काळ्या पावावरची चरबी वितळून फडक्याला लागलेली. तसाच खाल्ला.

गेटवर वेळेची कार्डं असतात. वरची रांग प्रयोगशाळेच्या माणसांची, खालची झाडणाऱ्या-धुणाऱ्यांची. माझं कार्ड खाली, झाडूवाल्या बायांच्या शेजारी. "शिमान्याक, धुणे." तीस नोव्हेंबरपर्यंत मला पारखणार, मग ठेवायचं का काढायचं ते ठरवणार. काढलं तर केटेमावशीनं जागा बघून ठेवलीय — खाटकाकडे, आतडी धुवायला. माझ्या नशिबात धुणं पक्कं आहे, काय धुवायचं एवढंच ठरायचंय.

शाळा चौदाव्या वर्षी सुटली. आईच्या फुप्फुसात पाणी झालं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. आई बरी झाली तोवर वर्गातल्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्यामागे धावायची मला लाज वाटली. आता ती लाज वाटल्याची लाज वाटते.

४ ऑक्टोबर

मेली. पाचवी. आज बरणी चार वेळा धुतली होती.

५ ऑक्टोबर

बाबा खाणीतून आले, डब्यातला उरलेला पावाचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. "वाटेत ससा भेटला. म्हणाला, हेडीला दे." सोळा वर्षांची झाले तरी ससा भेटतोच ह्यांना. मी खाल्ला. खाणीत जाऊन आलेला पाव वेगळाच लागतो.

"तोंड का पाडलंयस?"

आई म्हणाली, "बरणी मेली तिची."

बाबा म्हणाले, "माझी गेल्या वर्षी तीन कबुतरं मेली. मी आंघोळ करत नाही म्हणून मेली का?"

हसले मी. मग वर जाऊन रडले, पण थोडंच.

१२ ऑक्टोबर

काल सोमवार असून बरण्या लावल्या नाहीत, पाहुण्यांसाठी सफाई होती. आज मोठ्या ऑफिसातले दोन पाहुणे आले होते. मी मोरीपाशी, पाठ करून. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, मोरीला कान नसतात ना.

डॉक्टर म्हणाले, आजवर ह्या गॅसपासून प्लास्टिक करायचं तर हजार-हजार पटीनं दाबायला लागायचं, जाड लोखंडाच्या पिंपात. आता शेजारच्या गावातल्या प्राध्यापकांनी दाखवलंय की दाब लागतच नाही. बायका आलुबुखार टिकवतात ती काचेची बरणी पुरते. सगळी करामत विरजणाची. दोन धातूंची औषधं एकत्र केली की ते विरजण होतं. धातूचा अणू गॅसचा एकेक तुकडा धरतो आणि साखळीत घालतो. नवा तुकडा साखळीच्या टोकाला लागत नाही. तो धातू आणि साखळी ह्यांच्या मधे शिरतो. "केस कसा मुळाशी वाढतो? तसं."

मी हात पुसले आणि स्वतःची वेणी धरून बघितली. मुळाशी वाढतो. खरंच की. जुनं टोक पुढे-पुढे ढकललं जातं.

पाहुण्यांनी माझ्या बरणीकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"ही आमची वसाहतीतली मुलगी धुते," डॉक्टर म्हणाले. तिघे हसले.

खाणीच्या वसाहतीत दर शनिवारी दाराबाहेरचा रस्तासुद्धा साबणानं घासतात, डॉक्टर. तुमच्या गल्लीत घासतात का? काजळी आमच्यावर पडते म्हणून आम्हाला घासता येतं. हे सगळं मी मनात बोलले. मोरीला तोंड पण नसतं.

१८ ऑक्टोबर

सहावी.

१९ ऑक्टोबर

मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत बाही वर करून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी. विरजणातल्या दोन औषधांपैकी अॅल्युमिनियमचं जे आहे, ते दिसतं साधं पाण्यासारखं, पण हवा लागली की पेटतं आणि पाणी लागलं की फुटतं. "एक ओला चमचा, पोरी. नुसता ओला चमचा होता."

मग म्हणाले, "तू काय चुकतेस ते मला दिसत नाही. मी बघत असतो तुझ्याकडे. माझ्यापेक्षा चांगलं धुतेस. भट्टीत बरणी वाळवतेस. आतली हवा घालवायला नायट्रोजन फुंकतेस. मग?"

मग काय. मला माहीत असतं तर.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सांगण्यासारखी नाही म्हणून. शनिवारी सगळे गेले की मी बरणीच्या झाकणाखालच्या रबरी रिंगापण उकळते. मला कोणी सांगितलेलं नाही. पण आईच्या हाताखाली जी मुलगी बरण्या भरायला शिकलीय ती रिंग उकळल्याशिवाय झाकण लावूच शकत नाही. मिस्त्री तर खोक्यातली रिंग काढतात आणि तशीच बसवतात. पुरुष माणूस. मी सोमवारपर्यंत झाकलेल्या वाडग्यात, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवते. ह्याहून स्वच्छ काय असतं?

२५ ऑक्टोबर

सात. डॉक्टरांनी आता "घाण" असं लिहिलं पण नाही. वर लिहिलेल्याच्या खाली दोन टिंबं काढली. तेच ते.

डॉक्टर मिस्त्रींना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी येतेय. शाळा पूर्ण केलेली."

मी तिथेच उभी होते. मला वेगळं सांगायची गरज नव्हती, मला ऐकू येतं.

१ नोव्हेंबर

सुट्टी. सगळ्या संतांचा सण म्हणून दफनभूमीत आजीच्या थडग्यावर दिवा लावला. आजी पोलिश बोलायची, मला समजायचं नाही, पण ती कोणाला घाबरायची नाही हे समजायचं.

३ नोव्हेंबर

नवी मुलगी आली. गेर्लिंडे. हिशेबनीसाची मुलगी, नखं गुलाबी. मला वाटलं होतं नाक वर करून येईल. आल्या-आल्या माझ्या कानात म्हणाली, "इथं कायम असाच वास येतो? मला टाइपिंगला जायचं होतं गं. पपांनी ढकललं."

तिचा रागराग करता येईना. मी फार प्रयत्न केला.

६ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहायचंय.

दुपारी घरी आले तर आई भोपळा टिकवत होती. आंबट-गोड, लवंग घालून. स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. मी झाकणं द्यायला बसले. आईनं गरम पाण्यातून रिंग चिमट्यानं काढली, झटकली, बरणीच्या तोंडाला बसवली. रिंगेवरून एक थेंब ओघळला आणि आत भोपळ्यात गेला.

मी म्हटलं, "पाणी गेलं आत."

आई म्हणाली, "जाऊ दे की. थेंबानं काय होतंय? उलट ओलं रबर घट्ट बसतं."

आणि मला मिस्त्रींचा हात दिसला.

एक ओला चमचा.

मी झाकण खाली ठेवलं. आई म्हणाली, "काय गं, पांढरी पडलीस?" पहिल्यांदाच कोणीतरी मला लाल सोडून दुसरा रंग दिला.

रिंग दोन दिवस पाण्यात. मी वरवर पुसते, पण रबर पितं ना! मग बरणीत तेलाची वाफ होते, वर रिंगेला लागते, रिंगेतलं पाणी घेऊन खाली उतरते. थेंब-थेंब. थेंब पुरतो. धातूनं एकदा पाण्याला धरलं की तो गॅसला विचारत नाही. साखळी सुरूच होत नाही.

घाण नव्हती. एकदाही नव्हती. मी फार स्वच्छ होते!

पण मारल्या मीच. सातही. डॉक्टर कारण चुकले, माणूस बरोबर धरला. 

सोमवारी कोरडी रिंग लावणार. भट्टीत वाळवून. बघूच.

८ नोव्हेंबर

लावूच दिली नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, "दोन नंबर आजपासून गेर्लिंडे. तू बाटल्या धू."

मी बाटल्या धुतल्या आणि बघत राहिले. गेर्लिंडेनं बरणी कशीबशी धुतली, नखं सांभाळत. भट्टीत ठेवली. आणि रिंग? खोक्यातून काढली, कोरडी ठणठणीत, लावली.

पाऊण तासात बरणी तापली. दीड तासात दांडा अडकला.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंस? स्वच्छ हात असले की कसं होतं." हे मला. गेर्लिंडेनं माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. तिला बिचारीला माहीतच नाही ती का जिंकली.

आता? गप्प बसले तर मी घाणेरडी ठरले, कायमची, वहीत लिहून. बोलले तर सात बरण्या माझ्या गळ्यात, आणि पारख संपायला बावीस दिवस. इकडे आतडी, तिकडेही आतडी.

९ नोव्हेंबर

आईला सांगितलं. तिला रागच आला. "म्हणजे माझी रीत वाईट? चाळीस वर्षं माझी एक बरणी नासली नाही."

"भोपळ्यासाठी चांगलीय, आई. ह्याच्यासाठी नाही."

"मग ते तुमचं काय शिजतंय त्यालाच काहीतरी रोग असेल."

बाबा कबुतरांच्या खुराड्यातून ओरडले, "डॉक्टरला सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

मी बटाटे किसत राहिले. बाबा खाली आले, हाताला पिसं चिकटलेली. म्हणाले, "खाली खाणीत छत करकरलं आणि ज्यानं ऐकलं तो गप्प बसला, तर त्याला आम्ही लाजाळू म्हणत नाही." काय म्हणतात ते सांगितलं नाही. बटाट्याची धिरडी होती, मला आवडतात, पण दोनच खाल्ली.

१५ नोव्हेंबर

मला बोलता येत नाही पण लिहिता येतं. चिठ्ठी लिहिली. सहा वेळा लिहिली. शेवटची अशी —

"डॉक्टर फोलराथ, दोन्ही बरण्या एका दिवसासाठी मला द्या. कोणती मारायची ते तुम्ही सांगा. तीच मरेल. दुसरी जगेल. — हेडविग शिमान्याक."

एप्रनच्या खिशात ठेवली. दिली नाही.

१६ नोव्हेंबर

दिली नाही.

१८ नोव्हेंबर

गेर्लिंडेनं खिशातून ओढली. "प्रेमपत्र का गं?" मी हिसकायला गेले, पण ती उंच. तिनं वाचली, परत वाचली, आणि तिचा चेहरा बदलला. मग सरळ डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी वाचली. मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि तरी — दुसऱ्याच्या तोंडून माझे शब्द किती सरळ उभे राहिले!

डॉक्टर हसले. "जादू करणार का ही?"

मिस्त्री म्हणाले, "करू द्या. तेल माझ्या वाट्याचं वापरा."

"आणि नाही जमलं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी लाल, पूर्ण लाल, कानसुद्धा. पण मान खाली घातली नाही. लालच्या लाल तशीच उभी राहिले.

"सोमवारी," डॉक्टर म्हणाले. "एक नंबर मार."

मिस्त्रींची बरणी. मुद्दाम. पाच महिन्यांत कधी न मेलेली.

२२ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारीच एक रिंग उकळून पाण्यात ठेवली होती. दुसरी भट्टीत वाळवली. बाकी दोन्ही बरण्या सारख्या धुतल्या, सारख्या वाळवल्या, सारखा नायट्रोजन. विरजण मिस्त्रींनीच दोन्हींत घातलं, त्याला मला हात लावू देत नाहीत. ओली रिंग मी एक नंबरला लावली, नेहमीसारखीच पुसून. मिस्त्रींनी ते बघितलं. त्यांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी नळी जोडली.

गॅस सुरू. वीस मिनिटांनी मी दोन्ही बरण्यांना तळवे लावले. दोन नंबर कोमट. एक नंबर गार. अर्ध्या तासानं एक नंबरचा रंग उडायला लागला. दोन नंबरमधे पांढरं दिसलं. तासाभरात दांडा अडकला.

खोलीत फक्त मेलेल्या बरणीतल्या बुडबुड्यांचा आवाज.

डॉक्टर म्हणाले, "काय केलंस?"

मी एक नंबरचं झाकण दाखवलं. रिंग काढली आणि दोन बोटांत धरून पिळली. थेंब आला नाही. मग कोऱ्या टिपकागदावर ठेवून वरून वजन ठेवलं. दहा मिनिटांनी कागदावर ओलं वर्तुळ, रिंगेएवढं, गोल.

"मी उकळायची. दर शनिवारी. स्वच्छ राहावं म्हणून."

हे मी बोलले. तोंडानं. आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटला.

डॉक्टरांनी तो कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे त्या सात तूच मारल्यास."

"हो."

"न विचारता, न सांगता रिंगा उकळल्यास."

"हो."

ते वळून गेले. चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. मोठी वही टेबलावर उघडी होती. मदतनिसांनी तिला हात लावायचा नसतो, पहिल्याच दिवशी सांगतात. मी शाईचा पेन घेतला. सप्टेंबरपासूनची पानं काढली. सात ठिकाणी "घाण" आणि टिंबं खोडली. सात ठिकाणी लिहिलं — "पाणी, उकळलेल्या रिंगेतून." आणि कंसातलं शि. खोडून पूर्ण नाव. मारल्यात ना मी? मग नीट नाव घाला.

२९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आज ती पानं बघितली. एवढं चिडलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"हा दस्तऐवज आहे! ह्यात खाडाखोड? लिहायचा हक्क फक्त प्रयोगशाळेच्या माणसांना आहे. तू कोण?"

"खोटं लिहिलं होतं," मी म्हणाले.

"उद्या मी तुझा कागद वर पाठवतोय. काय लिहायचं ते मला कळतं."

गेर्लिंडे मोरीपाशी माझा हात धरून उभी राहिली. तिची गुलाबी नखं तुटलीत सगळी.

तेवढ्यात मिस्त्री आले. टोपी हातात. टोपी काढून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, वहीत अजून दोन घालायच्यात. जुलैतल्या."

"कसल्या दोन?"

"माझ्या. ही पोरगी यायच्या आधीच्या. नव्या बरण्या आल्या तेव्हा रिंगा कमी होत्या, मी घरून आणल्या. बायकोनं उकळून दिल्या होत्या. दोन्ही मेल्या. तुम्ही सुट्टीवर होतात. मी ओतून टाकल्या आणि लिहिलं नाही." टोपी दुसऱ्या हातात घेतली. "कारण मला माहीत नव्हतं. सोमवारी हिनं ओली रिंग लावताना पाहिली तेव्हा कळलं. त्या दोन मी तेव्हाच लिहिल्या असत्या, तर हिच्या सात मेल्याच नसत्या."

डॉक्टर खुर्चीत बसले.

मिस्त्रींनी वही उचलून माझ्यापुढे ठेवली. "माझं अक्षर वाईट आहे. तू लिही."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. नको म्हणाले नाहीत.

मी लिहिलं. जुलै, दोन. पाणी, उकळलेल्या रिंगेतून. ब्रॉकहोफ.

३० नोव्हेंबर

दिवसभर कोणी काही बोललं नाही. बाटल्या धुतल्या. आईनं मावशीला निरोप पाठवला नाहीये अजून. ससा आज दोन तुकडे देऊन गेला.

१ डिसेंबर

सकाळी सहा. खालच्या रांगेत माझं कार्ड नव्हतं. झाडूवाल्या बायांची सगळी होती, माझ्या जागी रिकामी खाच. मी डबा छातीशी धरला आणि परत फिरले.

गेटवरचा म्हातारा ओरडला, "अगं, वर बघ की!"

वरच्या रांगेत, ब्रॉकहोफ मिस्त्रींच्या शेजारी. "हेडविग शिमान्याक, शिकाऊ." डॉक्टरांचं अक्षर. माझा हात पोचेना.

"काढून देऊ?" म्हातारा म्हणाला.

"नको," मी म्हणाले. मोठ्यानं.